दोन पॉइंट आठ

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वॉर्डातला फोन वाजला आणि छोट्या डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मोठे डॉक्टर आठवडाभर परगावी गेले होते आणि आमचा बायकांचा वॉर्ड छोट्या डॉक्टरांवर सोपवला होता. फोन प्रयोगशाळेतून होता. त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला, मग त्या गोलाभोवती आणखी एक गोल.

"सिस्टर," ते म्हणाले, "शिवणबाईंचं लिथियम दोन पॉइंट आठ आलंय."

मोठ्या सिस्टर औषधांच्या कपाटाशी होत्या. त्यांनी आधी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, मगच वळल्या. तीस वर्षं मनाच्या आजाराच्या वॉर्डात काढलेली बाई. कुलूप लावल्याशिवाय ती भूकंपातही वळली नसती.

"गेल्या मंगळवारी पॉइंट सात होतं," त्या म्हणाल्या.

मी त्या वॉर्डातली मावशी. फरशी, चादरी, ताटं आणि रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवणं ही माझी कामं. लिथियमबद्दल मला कळतं ते एवढंच. मन एकदा आभाळाला भिडतं आणि एकदा विहिरीत जातं, अशा आजारावरची ती गोळी आहे. गुणी गोळी, पण स्वभावाने कडक. रक्तात पॉइंट सहा ते एक, एवढ्याच अरुंद पट्टीवरून तिला चालवावं लागतं. दीडच्या पुढे हात कापतात, उलट्या होतात. दोनच्या पुढे जीभ जड होते, पाय झोकांड्या खातात. अडीच ओलांडलं की रक्त यंत्राने धुवायची वेळ येते.

"या आकड्याला माणूस पायावर उभा राहत नाही," छोटे डॉक्टर म्हणाले.

"कोण उभं राहत नाही?" खिडकीकडून आवाज आला.

शिवणबाई खुर्चीवर बसली होती. मांडीवर निळा बॉयलर सूट होता. सुई उजेडाकडे धरून तिने दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, आणि आमच्याकडे पाहिलं.

२

तिला तिथे येऊन अठ्ठावीस दिवस झाले होते. स्वतःच्या मर्जीने आली नव्हती. चार रात्री डोळ्याला डोळा न लावता तिने आपल्या शिवणाच्या दुकानातले सगळे तागे उलगडून रस्त्यावर अंथरले होते, आणि गाड्यांनी त्यावरून जाऊ नये म्हणून स्वतः मध्ये उभी राहिली होती. नणंदेने अर्ज केला, दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून दाखले दिले, तेव्हा तिला ठेवून घेतलं.

कायद्याने असं ठेवायची मुदत तीस दिवस. त्यापुढे एक दिवसही ठेवायचं तर अशा प्रकरणांची फेरतपासणी करणाऱ्या मंडळासमोर जावं लागतं. स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा स्वतःची निगा राखताच येत नाही, यातलं एक तरी दाखवावं लागतं, आणि तेही आजचं. महिन्यापूर्वीचं चालत नाही. मंडळाने मानलं तर आणखी नव्वद दिवस.

मंडळ बुधवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी अकराला बसणार होतं. शिवणबाई आता बरी होती. झोपत होती, जेवत होती, हिशेबाने बोलत होती. डॉक्टरांचा कागद तयार होता, 'घरी सोडण्यास हरकत नाही.'

आणि शुक्रवारी तिची मुलगी जहाजावर निघणार होती. इंजिनखोलीत शिकाऊ, नऊ महिन्यांसाठी. तो बॉयलर सूट, इंजिनावर घालायचा अंगभर एकसंध पोशाख, तिचाच. पाय चार बोटं लांब होते.

"मावशी, माझ्या पोरीला जहाजवाल्यांनी पुरुषाच्या मापाचा दिलाय," शिवणबाई मला म्हणाली होती. "अडखळून इंजिनात पडली तर इंजिन बिघडेल त्यांचं."

आमच्याकडे सुई मागून मिळत नाही, नोंदून मिळते. कुलपातल्या डब्यातून एक सुई, वहीत वेळ, आणि सिस्टरांच्या टेबलासमोर बसून शिवायचं. काम झालं की सुई परत, वहीत पुन्हा वेळ. त्या दिवशी सकाळी दहापासून एक सुई तिच्या नावावर होती.

छोट्या डॉक्टरांनी तयार कागद खणात सरकवला आणि कोरा घेतला.

"दोन वर्षांपूर्वीही गोळ्या साठवल्या होत्या त्यांनी," ते हळू आवाजात म्हणाले. "पडद्याच्या दुमडीत शिवून. जुन्या फायलीत आहे. आताही साठवून एकदम घेतल्या असणार. सिस्टर, हा जीव द्यायचा प्रयत्न आहे. हे मला मंडळाला कळवावं लागेल."

"संशय असेल तर संशय म्हणून लिहा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "निकाल लिहू नका. आधी तिला बघा तर."

३

आधी सलाईन लागलं. दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आकडा उतरतोय का पाहायचं, नाही उतरला तर पाचच्या गाडीने यंत्र असलेल्या इस्पितळात, असं ठरलं.

सलाईन चालू असतानाच मोठ्या सिस्टर तिच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या. मी चादरी बदलत होते, म्हणजे एकच चादर चार वेळा बदलत होते.

"दोन्ही हात पुढे कर बघू. बोटं ताठ."

सिस्टरांनी तिच्या बोटांवर एक पातळ कागद ठेवला. हात जरा कापला तरी कागद फडफडतो आणि डोळ्याला न दिसणारं दिसतं. कागद टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला.

"उलटी?"

"नाही."

"जुलाब? तहान?"

"तहान नेहमीचीच. दिवसाला तीन तांबे. तुमच्या वहीत आहे."

"फरशीच्या रेघेवरून चालून दाखव. मावशी, बाटलीचा दांडा धरा."

ती चालली. टाचेला अंगठा लावून, सरळ. मी दांडा घेऊन मागून चालताना दोनदा अडखळले.

"सिस्टर," शिवणबाई म्हणाली, "मावशींचं लिथियम तपासा."

सिस्टर हसल्या नाहीत. "खरं सांग. गोळ्या साठवल्यास?"

तिचा चेहरा उतरला. "मागच्या वेळी साठवल्या होत्या. तेव्हा मला जगायचं नव्हतं. आता मला शुक्रवारी बंदरावर जायचंय." तिने सिस्टरांकडे पाहिलं. "माझं कुणी ऐकेल का हो? एकदा खोटं बोललेल्या माणसाचं?"

"मी ऐकतेय ना," सिस्टर म्हणाल्या. "पण माझं ऐकणं मंडळाला पुरत नाही. त्यांना कारण लागतं."

बाहेर आल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या छातीकडे बोट केलं. माझ्या एप्रनचं वरचं बटण तुटलं होतं आणि मी तिथे पिन लावली होती.

"ही पिन वॉर्डात? मावशी, तुम्हाला किती वर्षं झाली इथे?"

मी मुकाट्याने पिन काढून दिली. दिवसभर गळा उघडा टाकून फिरले.

४

गोळ्या दिल्या कुणी, हा पुढचा प्रश्न. आदल्या रात्रीच्या गोळ्या ब्रदरने दिल्या होत्या. हा पोरगा दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागातून आमच्याकडे आला होता. कामाला वाघ, पण सारखा घाईत. आमच्याकडे घाई नसते हे त्याला अजून पटलं नव्हतं. रात्रपाळी करून तो सकाळी थांबला होता, कारण मंगळवारी रक्त घेणारा आमचा नेहमीचा माणूस कांजिण्या येऊन घरी पडला होता.

"दोन गोळ्या दिल्या की चार?" सिस्टरांनी विचारलं.

"दोनच! तोंड उघडून जिभेखाली पाहिलं, गालात पाहिलं. सही आहे माझी." त्याचे कान लाल झाले. "सिस्टर, माझी नोकरी..."

"नोकरीचं नंतर. रक्त कधी घेतलंत?"

"आठला. गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, नियमाप्रमाणे."

"नळी?"

"रक्तवाल्याचा ट्रे त्याच्या कुलपात. मी तातडीच्या खणातली घेतली. पूर्ण भरली."

सिस्टरांनी कपाटातल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या. वहीत होत्या तेवढ्याच भरल्या, एक कमी नाही की जास्त नाही. म्हणजे वॉर्डातून जास्तीची गोळी गेली नव्हती. राहिल्या दोनच वाटा. शिवणबाईने रोजच्या गोळ्या लपवून साठवल्या, किंवा बाहेरून कुणी आणल्या.

दीड वाजता ब्रदरने दुसऱ्यांदा रक्त घेतलं. सलाईनच्या हाताचं चालत नाही म्हणून दुसऱ्या हातातून. शीर सापडेना, दोनदा टोचलं, नळी निम्मीच भरली. "पुरेल," तो म्हणाला. हिरव्या झाकणाची ती नळी मी मुठीत धरून प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन दिली. अजून ऊबदार होती.

परत आले तो छोटे डॉक्टर शिवणबाईच्या खुर्चीशी उभे. हातात बॉयलर सूट.

"सिस्टर, इकडे या. याच्या दुमडीत काहीतरी आहे."

मोठ्या सिस्टरांनी उजव्या पायाची दुमड बोटांनी चाचपली. मग माझी बोटं तिथे नेली. आत गोल, चपटं, टणक काहीतरी होतं. एकाशेजारी एक. मी मोजली. सात.

पलंगावरून शिवणबाई आमच्याकडे बघत होती.

५

"उसवा," डॉक्टर म्हणाले.

"तिला विचारून," सिस्टर म्हणाल्या.

"उसवा," शिवणबाई म्हणाली. "पण हळू. कापड नवं आहे."

सिस्टरांनी कात्रीच्या टोकाने चार टाके काढले आणि दुमड तळहातावर झटकली. सात निळी बटणं पडली.

"जहाजावर बटणाचं दुकान नसतं," शिवणबाई म्हणाली. "म्हणून आत शिवून ठेवली. आम्ही शाळेच्या कपड्यांतसुद्धा एक जास्तीचं ठेवतो. हिला नऊ महिने जायचंय आणि ही बटणं तोडते." तिने तोंड भिंतीकडे केलं. "गोळ्या वाटल्या ना तुम्हाला?"

छोटे डॉक्टर खाली वाकले. त्यांनी बटणं एकेक करून उचलली आणि तिच्या उशाशी ठेवली. साडेतीनला पुन्हा फोन वाजला.

या वेळी त्यांनी गोल काढला नाही. नुसतेच खुर्चीत बसले.

"चार पॉइंट आठ."

"वाढला?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासून गोळी नाही, वर सलाईन, आणि वाढला?"

"दोनदा तपासणी चुकेल का? मला तर एकच अर्थ दिसतो. आठ ते दीडच्या मध्ये तिला कुणीतरी आणखी दिलंय." ते उठले. "बारा ते एक भेटायला कोण आलं होतं?"

नणंद आली होती. हातात सूपचा थर्मास घेऊन. वहीत नाव माझ्याच हाताने चढलं होतं.

६

नणंद अजून बाहेरच्या खोलीतच होती, मुलीला घेऊन. आकडा कळल्यापासून दोघी हलल्या नव्हत्या. मुलगी उंच, हाताला ग्रीसचे डाग, डोळे लाल.

"आईचा आकडा उतरला का?" तिने आम्हाला पाहताच विचारलं.

"थर्मासमध्ये काय होतं?" सिस्टरांनी सरळ विचारलं.

"सूप," नणंद म्हणाली. "मीठ कमी पडलं होतं, तेवढं बोलून दाखवलं तिने. विष असतं तर त्यालाही नाव ठेवलं असतं."

"घरी तिच्या जुन्या गोळ्या आहेत?"

"आहेत. माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. मोजून या." तिचा आवाज चढला. "कळतंय मला तुम्ही काय विचारताय. अर्ज मीच केला, म्हणजे तिला कायमचं डांबायला मीच बसलेय, असंच ना? अहो, माझा भाऊ गेल्यापासून सहा वर्षं आम्ही दोघी एका घरात आहोत. रोज भांडतो. त्या रात्री ती रस्त्यात उभी होती आणि समोरून गाडी येत होती. म्हणून सही केली." तिने रिकामा थर्मास मांडीवर ओढला. "उद्या मंडळासमोर मी सांगणार होते, तिला घरी पाठवा म्हणून. भांडायला माणूस नाही घरात."

"आत्या, बस," मुलगी म्हणाली. मग आमच्याकडे वळून तिने एकेक शब्द तोडून सांगितलं. "आईला पाचच्या गाडीने हलवलंत तर उद्या ती मंडळासमोर नसेल. तिच्यामागे नव्वद दिवस लागतील. तसं झालं तर मी शुक्रवारी जात नाही. जागा दुसऱ्याला देतील, देऊ देत."

"हे तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाही. तिला सांगितलं तर ती खरंच आजारी पडेल."

मोठ्या सिस्टर वॉर्डाकडे चालू लागल्या. दारात थांबल्या. एक दार लावल्याशिवाय आमचं दुसरं दार उघडत नाही. त्या मधल्या अरुंद जागेत आम्ही दोघीच होतो.

"मावशी, चार पॉइंट आठला माणूस बेशुद्ध पडतो. ही मिठाला नावं ठेवते. हात खोटं बोलत नाहीत, पाय खोटं बोलत नाहीत. मग आकडा खोटा असला पाहिजे. पण दोनदा? आणि दुसऱ्यांदा जास्त खोटा?" त्यांनी कपाळ दाबलं. "आज काय वेगळं झालं? रक्तवाला नव्हता, एवढंच. जा, ब्रदरने ज्या खणातून नळ्या घेतल्या, तो खणच काढून आणा."

घड्याळात सव्वाचार झाले होते.

७

खणात दोन खोकी होती. एक लाल झाकणांचं, रिकामं. दुसऱ्यात हिरव्या झाकणांच्या नळ्या.

मला एक खोड आहे. अक्षरं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले, त्याच वॉर्डात पेशंटसाठी दुपारी भरणाऱ्या वर्गात, मागच्या बाकावर. तेव्हापासून दिसेल ते वाचते. साबणाचं वेष्टन, दाराच्या कडीवरचं कंपनीचं नाव, सगळं. शिकलेली माणसं असलं वाचत नाहीत. त्यांना आत काय आहे ते झाकणाच्या रंगावरून आधीच ठाऊक असतं. मीही वीस वर्षं रंगावरच चालले होते.

खोकं घेऊन येता येता मी वाचत होते. नळीची मुदत. नळी किती भरायची त्याची खूण. आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आतल्या औषधाचं नाव. एकेक अक्षर जोडत गेले आणि मध्येच उभी राहिले.

"सिस्टर," मी म्हटलं, "या नळीत आधीपासूनच लिथियम असतं का हो?"

मोठ्या सिस्टरांनी खोकं माझ्या हातातून घेतलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. वाचलं. मग त्या स्टुलावर बसल्या, अगदी हळू.

"ब्रदर," त्यांनी हाक मारली. "तुम्ही ही का घेतलीत?"

"लाल संपल्या होत्या. आणि अपघात विभागात आम्ही घाईच्या सगळ्या तपासण्या हिरव्यातच घ्यायचो. मूत्रपिंड, क्षार, साखर..." तो थांबला. "का?"

"कारण रक्त गोठू नये म्हणून यात आत औषध फवारलेलं असतं, आणि ते औषध लिथियमचं मीठ असतं. मूत्रपिंड तपासा, साखर तपासा, काही बिघडत नाही. लिथियम तपासलं की नळी स्वतःचंच लिथियम त्यात मिसळते. तिकडे तुम्हाला लिथियम तपासावं लागलं नाही. प्रयोगशाळेतल्या मुलीच्या हातून दिवसाला शंभर हिरव्या नळ्या जातात, तिलाही वेगळं वाटलं नाही."

"पण सिस्टर, दुसऱ्यांदा वाढलं कसं?" छोट्या डॉक्टरांनी विचारलं. आणि लगेच त्यांनीच कपाळावर हात मारला. "नळी निम्मीच भरली होती!"

"फवारा तेवढाच, रक्त निम्मं," सिस्टर म्हणाल्या. "चिमूटभर मीठ तांब्यात टाका आणि तेवढंच पेल्यात टाका. पेला जास्त खारट. तिला कुणी काही दिलं नाही, डॉक्टर. आपणच तिच्या नळीत घातलं. दोनदा."

ब्रदर भिंतीला टेकला.

"हे मला पटतंय," छोटे डॉक्टर म्हणाले, "पण पटणं आणि सिद्ध होणं वेगळं. पाचला गाडी येतेय. आणि मी चुकलो तर..."

"सिद्ध करू. बाजूच्या वॉर्डातून लाल झाकणाची नळी आणा, तिचं रक्त त्यात घ्या. आणि शिवाय ज्याने जन्मात लिथियमची गोळी घेतली नाही अशा माणसाचं रक्त या हिरव्या नळीत घ्या. चिठ्ठीवर तुलनेसाठी असं स्पष्ट लिहा. गाडीला सहापर्यंत दारात उभं करा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी बाही वर केली.

"माझं घ्या. एप्रनला बटण नाही, निदान रक्त तरी उपयोगी पडू दे."

शीर माझी ठसठशीत. ब्रदरने एका टोचणीत नळी खुणेपर्यंत भरली. त्याचा हात मात्र कापत होता. त्याच्या बोटांवर कागद ठेवला असता तर वॉर्डभर उडाला असता. त्या दोन नळ्या घेऊन मी प्रयोगशाळेकडे निघाले आणि, गुडघे दुखत असूनही, धावले.

८

पावणेसहाला फोन वाजला. गाडी दारात उभी होती, इंजिन चालू. मुलगी आणि नणंद मधल्या दाराच्या काचेला नाक लावून उभ्या. छोट्या डॉक्टरांनी फोन कानाला लावला आणि आकडे मोठ्याने उच्चारले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावेत.

"लाल नळी, शिवणबाई. पॉइंट सहा."

काचेपलीकडे मुलीने आत्याचा हात धरला.

"हिरवी नळी, मावशी. दोन पॉइंट एक." त्यांनी फोन खाली ठेवला. गेल्या सात तासांत ते पहिल्यांदाच हसले. "मावशी, तुमची अवस्था गंभीर आहे. झोकांड्या जात असतील तर सांगा, गाडी दारात आहे."

"दोन डॉक्टरांचे दाखले आणा आधी," मी म्हटलं. "आणि माझ्या नणंदेची सही."

मोठ्या सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. वीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी मला दार उघडायला सांगितलं, आणि नणंद अशी आत घुसली की दाराचं दुसरं कुलूप वाजायच्या आत शिवणबाईच्या पलंगाशी.

"वहिनी, जीव भांड्यात पडला गं माझा."

"त्याच भांड्यात मीठही पडू द्या," शिवणबाई म्हणाली. "सूप आळणी होतं, वन्सं." आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मुलगी सलाईनच्या दांड्याला धरून उभी होती. तिच्या हातावरचं ग्रीस पांढऱ्या दांड्याला लागलं. मी पुसलं नाही.

छोटे डॉक्टर पलंगाशी आले. "मी तुमच्यावर संशय घेतला," ते म्हणाले.

"घ्यायलाच हवा होता," शिवणबाई म्हणाली. "मागच्या वेळी खरंच पडद्यात होत्या ना. पण डॉक्टर, आधी विचारायचं. मला. फायलीला नंतर."

ते मान डोलावून गेले. रात्रीची गोळी तिला नेहमीच्या वेळी मिळाली.

बुधवारी मंडळ बसलं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, ऐकताना पेन्सिल आडवी धरायच्या. छोट्या डॉक्टरांनी काल काय झालं ते काही न लपवता सांगितलं, चारही आकड्यांसह. ब्रदर स्वतःहून उभा राहिला आणि त्याने आपली चूक आपल्या तोंडाने वाचून दाखवली. सिस्टरांनी ती त्याच्याकडूनच लिहून घेतली होती, आणि त्याखाली उपायही. तातडीच्या खणावर मोठ्या अक्षरांची चिठ्ठी लावायची, लिथियमला हिरवी नळी नाही.

"शिक्षा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चिठ्ठी तोच लिहील, दर महिन्याला नवी," सिस्टर म्हणाल्या. "लपवलं असतं तर शिक्षा. सांगितलं, तर शिकवण."

मग अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शिवणबाईलाच विचारलं, "तुम्हाला पुन्हा झोप येईनाशी झाली तर काय कराल?"

"पहिल्या रात्री वन्संना सांगेन. दुसऱ्या रात्रीची वाट बघणार नाही. सकाळी दोघी इथे येऊ, माझ्या मी, कुणाच्या अर्जाशिवाय."

"आणि मी तिला झोपू देईन," नणंद मागून म्हणाली. "भांडण सकाळी."

निकाल दुपारी आला. धोका दिसत नाही, घरी राहून उपचार होऊ शकतात, आजच सोडावं. आठवड्याला एकदा येऊन रक्त तपासायचं. लाल नळीत, असं छोट्या डॉक्टरांनी खाली हाताने लिहिलं.

सामान बांधून झालं तरी शिवणबाई निघेना. तिने सुई मागितली. सिस्टरांनी वहीत वेळ लिहिली, सुई दिली. उसवलेल्या दुमडीत तिने बटणं परत घातली. मी जवळ उभी राहून मोजत होते. सहा झाली आणि ती थांबली.

"सातवं?" मी विचारलं.

"इकडे या," ती म्हणाली. "हलू नका, टोचेल."

तिने माझा एप्रन गळ्याशी ओढला आणि ते निळं बटण तिथे शिवलं. पांढऱ्या एप्रनवर एकच निळं. दोरा दाताने तोडला, टाके बोटाने चाचपले, आणि सुई सिस्टरांच्या हातात ठेवली.

मोठ्या सिस्टरांनी वही माझ्यापुढे सरकवली. "मावशी, तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. सुई एक. परत एक.